चाळणीवरचा पाय

चाळणीच्या खोलीबाहेर एक पाटी लावलेली होती. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाच्या सात ओळी होत्या आणि अक्षरं इतकी एकसारखी की छापलीत असं वाटावं. पहिली ओळ होती, ‘चालू यंत्राला हात किंवा पाय लावू नये.’ पुढच्या सहा ओळींत चाळणी सुरू कशी करायची ते लिहिलं होतं. बोल्ट तपासा. रबराचे ठोकळे पाहा. पट्ट्याचा ताण बघा. धान्याचं झाकण बंद आहे याची खात्री करा. खटका दाबा. मोटर पूर्ण वेगावर आल्यावरच झाकण उघडा.

पाटी मिस्त्रींनी लिहिली होती. एकोणीस वर्षांपूर्वी गिरणीत ही नवी चाळणी आली तेव्हा त्यांनी स्वतः रंग कालवून, पट्टी लावून रेघा मारून ती रंगवली होती. गिरणीत धान्य निवडून साफ केलं जाई. चाळणी दोन खाटांएवढी, चार कोपऱ्यांत रबराच्या जाड ठोकळ्यांवर बसवलेली. तिच्या पोटाखाली एका बाजूने जड केलेलं चाक फिरे आणि त्या चाकाच्या ओढीने ती दिवसभर थरथरत राही. वर टाकलेलं धान्य उड्या मारत पुढे सरके आणि खडा, काडी, माती खाली पडे.

सकाळी चाळणी सुरू करायची ती मिस्त्रींनीच. एकोणीस वर्षांत एकही सकाळ चुकली नव्हती. ताप असला तरी ते मफलर गुंडाळून निघत. “नुसती सुरू करून येतो,” म्हणत, आणि खरोखरच तासाभरात परत येऊन पांघरूण घेत.

“सवत आहे ती माझी,” आई म्हणायची. “मी तापाने फणफणले तर शेजारीण डबा आणून देते. हिला मात्र ह्यांच्याशिवाय जाग येत नाही.”

मिस्त्रींची मुलगी हे ऐकतच मोठी झाली. घरात तिला अजूनही चिमणीच म्हणत. ते नाव लंबूकाकांनी ठेवलेलं. लंबूकाका म्हणजे मिस्त्रींचे जोडीदार, पंचवीस वर्षं त्यांच्या हाताखाली आणि खांद्याला खांदा लावून काम केलेले. दारातून आत येताना मान वाकवायची सवय इतकी की मोकळ्या मैदानातही ते मान वाकवून चालत. चिमणी भौतिकशास्त्र शिकायला दुसऱ्या शहरात गेली, पुढे संशोधनाला लागली, तेव्हा ते सगळ्यांना सांगत सुटले, “आमची चिमणी डॉक्टर होणार. पण ताप आला तर तिच्याकडे जाऊ नका, ती पट्टी हलवून दाखवेल.”

पट्टी हलवणं हेच तिचं काम होतं. पोलादाची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी एका टोकाला घट्ट धरलेली, आणि दुसऱ्या टोकाजवळ विजेचं चुंबक. चुंबकातला प्रवाह एका ठरावीक ठेक्यात कमी-जास्त केला की पट्टी डोलू लागे. गंमत अशी की प्रवाह तोच, ठेका तोच, तरी पट्टी दोन तऱ्हांनी डोलू शके. एकदा केसाएवढी, एकदा दोन बोटं. दोन्ही तऱ्हा टिकाऊ. एकदा जी लागली ती तासन्तास तशीच. कोणती लागणार ते सुरुवात कशी झाली यावर ठरे. चिमणीने सहा वर्षं घालवली होती ती एका प्रश्नावर: मोठ्या तालात अडकलेली पट्टी, बाहेरचं काहीही न बदलता, लहान तालात कशी आणायची? उत्तर तिला सापडलं होतं. योग्य क्षणी हलकासा अडथळा करायचा आणि अलगद काढून घ्यायचा. अडथळा गेल्यावरही पट्टी लहान तालातच राहते, जणू तिचा तोच स्वभाव.

हे सगळं परीक्षकांपुढे मांडायचा दिवस ठरला तेव्हा तिने बाबांना फोन केला. “बाबा, एकच दिवस या. मागच्या रांगेत बसा, काही बोलू नका.”

बाबांनी दोन दिवस काहीच कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “येतो.” आणि जरा थांबून, “लंबूला सांगून ठेवतो.”

ते खरोखरच मागच्या रांगेत बसले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर दोन्ही हात. चिमणीने पट्टी सुरू केली, मुद्दाम मोठ्या तालात नेली. पट्टीच्या टोकाला लावलेला लाल ठिपका हवेत रुंद रेघ ओढू लागला. “हा एक ताल,” ती म्हणाली आणि समोर पाहिलं, तर तिला मागच्या रांगेतला बाबांचा उजवा पाय दिसला. बूट जमिनीवर दाबलेला होता, इतका की गुडघा थरथरत होता. तिने मऊ कुंचल्याचं टोक पट्टीला टेकवलं, पट्टी मंदावली. कुंचला काढून घेतला, पट्टी केसाएवढी डोलत राहिली. बाबांचा पाय सैल पडला. टाच टेकलेलीच राहिली, चवडा सावकाश वर आला.

त्यांना बहुधा आपला पाय हलल्याचं कळलंही नव्हतं. चिमणीच्या ते लक्षात राहिलं, पण तेव्हा परीक्षक प्रश्न विचारत होते.

चहाच्या वेळी सगळे तिचं अभिनंदन करत असताना बाबांचा फोन वाजला. गिरणीचे मॅनेजर होते. बाबांनी ऐकून घेतलं, एकच शब्द विचारला, “हात?” आणि मग कप तसाच खिडकीत ठेवून ते जिन्याकडे चालू लागले.

झालं होतं ते असं. लंबूकाकांनी खटका दाबला, मोटर वेग घेऊ लागली, आणि चाळणी थरथरायची ती उसळू लागली. उसळतच राहिली. खटका चाळणीच्या अंगालाच होता. तो बंद करायला काका पुढे झाले तेव्हा एका कोपऱ्याचा बोल्ट तुटला, चौकट सुटून आडवी आली आणि त्यांच्या उजव्या हाताचा पंजा चौकट आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. तीन बोटं गेली. उरलेली दोन वळत नव्हती.

कामगारांच्या सुरक्षेची तपासणी करणाऱ्या खात्याकडून एक निरीक्षकबाई आल्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं कमी. त्यांनी सगळं मोजलं. मोटरचा वेग बरोबर. पट्ट्याचा ताण बरोबर. रबर ठीक. तुटलेला बोल्ट जुना नव्हता, जास्तीच्या धक्क्याने तुटला होता. यंत्रात दोष नाही म्हटल्यावर माणूसच उरतो. झाकण आधी उघडलं गेलं असावं आणि धान्याचा लोट एकदम पडून चाळणी बिघडली असावी, असा त्यांचा कच्चा निष्कर्ष होता. म्हणजे निष्काळजीपणा. तो कायम झाला की लंबूकाकांना कामावरून काढलं जाणार होतं, आणि त्यांच्या नावापुढे तो शब्द कायमचा राहणार होता.

चिमणी दवाखान्यात त्यांना भेटायला गेली. काका उशीला टेकून बसले होते, पट्टीत गुंडाळलेला हात पोटावर.

“काका, झाकण उघडलं होतं का?”

“नव्हतं गं.” मग छताकडे पाहत, “पण उघडलं असेन. आठवत नाही म्हणजे काय झालं नाही असं थोडंच आहे? यंत्र खोटं बोलत नाही. तुझ्या बापाच्या हातात एकोणीस वर्षं गायीसारखी वागली, माझ्या हातात एका सकाळी उधळली. चूक कोणाची?”

“त्या सकाळी नेमकं काय काय केलंत?”

“पाटीवर आहे ते. उलट दोनदा केलं. तुझा बाप आदल्या दिवशी जाताना दारात घुटमळला आणि म्हणाला, ‘जपून सुरू कर.’ इतक्या वर्षांत कधी म्हणाला नव्हता. म्हणून मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली. त्यात अर्धा तास गेला, बाकीची यंत्रं सगळी चालू होऊन गेली. म्हटलं, असू दे उशीर, पण जपून.” त्यांनी डाव्या हाताने पांघरुणाची सुरकुती सारखी केली. “जपून म्हणजे काय, ते विचारायला हवं होतं.”

परत येताना चिमणी बसमध्ये खिडकीशी बसली होती आणि तिच्या डोळ्यांपुढे तो जमिनीवर दाबलेला बूट होता. बाकीची यंत्रं आधी चालू झाली, म्हणजे वीज कमी पडली असणार. चाळणीची मोटर नेहमीपेक्षा आळसत वर चढली असणार. आणि वेग जितका सावकाश चढेल तितका मोठा ताल सुटायला नको म्हणतो. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात तिनेच ते लिहिलं होतं.

घरी बाबा ओट्यावर बसून मिक्सरचं भांडं दुरुस्त करत होते. भांड्याला काहीही झालेलं नव्हतं.

“बाबा, चाळणी सुरू करताना तुम्ही पाय ठेवता का तिच्यावर?”

“चालू यंत्राला पाय लावू नये,” बाबा मान वर न करता म्हणाले.

“ते पाटीवर आहे. मी तुम्हाला विचारतेय.”

“बोल्ट खराब होता.”

“बोल्ट चांगला होता. बाईंनी तपासलाय.”

“बाई काल आल्या. मी एकोणीस वर्षं आहे त्या चाळणीवर.” त्यांनी भांडं उलटं करून झटकलं. “तू तुझ्या पट्टीचं बघ.”

आई कपडे घड्या करत होती. ती म्हणाली, “अहो, एक विचारू? ताप असला तरी जायचात आणि नुसती सुरू करून यायचात. लंबू भावोजींना खटका दाबता येत नव्हता का?”

बाबांनी भांडं ओट्यावर ठेवलं आणि चप्पल घालून बाहेर गेले. जेवायला आले तेव्हा भाजीबद्दल बोलले, पाण्याच्या टाकीबद्दल बोलले.

चिमणीने निरीक्षकबाईंना पत्र लिहिलं. चाळणी दुरुस्त झाली की माणसांना दूर ठेवून ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू द्यावी. एकाच वेगाला तिचे दोन ताल असावेत असा माझा कयास आहे. दुसरा ताल सापडला तर चालवणाऱ्याची चूक नव्हती हे सिद्ध होईल. सोबत तिने सहा पानांचं टिपण जोडलं. पाठवण्याआधी ते बाबांना वाचायला दिलं. बाबांनी चष्मा लावून ते ओळीवर बोट ठेवत वाचलं, जसं ते यंत्रासोबत आलेलं माहितीपत्रक वाचत. चौथ्या पानावर बोट थांबलं.

“इथे जागा का सोडलीस?”

वर लिहिलं होतं: ‘हा मोठा ताल गेल्या एकोणीस वर्षांत एकदाही का दिसला नाही?’ आणि त्याखाली पाच ओळींची कोरी जागा होती.

“ते मला माहीत नाही,” चिमणी म्हणाली. “म्हणजे मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही ते मी लिहीत नाही.”

बाबांनी कागद परत दिले. कोरी जागा तशीच गेली.

दुरुस्ती व्हायला दोन महिने लागले. चाचणीच्या सकाळी चाळणीच्या खोलीचं दार लावून घेतलं होतं; खटका लांब तारेने दाराबाहेर आणला होता. दाराला असलेल्या काचेतून आत दिसत होतं. चौकटीला चिमणीने काड्यापेटीएवढा एक डबा चिकटवला होता. तो कंपन मोजून बाहेरच्या पडद्यावर रेघ काढत होता. निरीक्षकबाई, मॅनेजर आणि बाबा काचेपाशी उभे होते. पाटी त्यांच्या डोक्यावर होती.

चिमणीने खटका दाबला. रेघ चढली, मध्ये तिला एक उंचवटा आला, मग ती खाली येऊन सपाट झाली. आत चाळणी शांतपणे थरथरत होती. ती बंद केली. पुन्हा सुरू केली. पुन्हा तसंच. पाच वेळा तसंच.

“झालं समाधान?” मॅनेजर म्हणाले. “तुमची पट्टी नाजूक वस्तू आहे. ही चाळणी आहे. हिला दोन स्वभाव परवडायचे नाहीत.”

“आता बाकीची यंत्रं चालू करा,” चिमणी म्हणाली. “सगळी. मग चाळणी.”

मॅनेजरांनी निरीक्षकबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली.

गिरणी जागी झाली. पायाखालची फरशी कुरकुरू लागली, वरचा दिवा किंचित मंद झाला. चिमणीने खटका दाबला. मोटर कण्हत वर चढू लागली. रेघ वर गेली, उंचवट्यापाशी आली आणि खाली आली नाही. चढतच राहिली. आतून आवाज आला तो थरथरीचा नव्हता, मोठ्या दारावर कोणीतरी दोन्ही मुठींनी ठोकत असल्यासारखा होता. काच हादरली. मॅनेजर दोन पावलं मागे सरले. निरीक्षकबाई मात्र काचेला आणखी जवळ झाल्या.

“वेग किती?” त्यांनी विचारलं.

“मघाचाच. बघा.” आकडा तोच होता. चिमणीने खटका बंद केला. चाळणी दोन-चार उसळ्या मारून निवली.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “म्हणजे त्या दिवशी त्यांनी पाटीवरचं सगळं बरोबर केलं असेल, तरी हे झालं असतं.”

“हो.”

“हे मी लिहीन.” त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि पेन थांबवलं. “पण तुमच्या टिपणात एक जागा कोरी आहे. दुपारी वीज जाते, परत येते, तेव्हा सगळी यंत्रं एकदमच चालू होत असतील. वर्षातून दहा-बारा वेळा तरी. तेव्हा चाळणी का उसळली नाही?”

चिमणी पडद्याकडे पाहत राहिली. तिला उत्तर देता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. किंवा ‘योगायोग’ एवढा एक शब्द. काका आता सुटलेच होते, त्या शब्दाने कोणाचंच काही बिघडलं नसतं. तिने ओठ मिटून धरले.

“मी पाय ठेवायचो,” बाबा म्हणाले.

गिरणी चालूच होती, म्हणून ते पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाले, “मी पाय ठेवायचो तिच्यावर. उजवा. ती आली त्याच आठवड्यात एकदा अशी भडकली होती. खोलीत मी एकटाच होतो. खटक्यापर्यंत हात न्यायची छाती झाली नाही. घाबरून चौकटीवर पाय दाबला आणि ती निवली. काढला तरी निवलेलीच राहिली. मला कारण कळलं नाही. पण तेव्हापासून दर वेळी, सुरू करताना, ठेवायचोच.”

“कोणाला सांगितलं होतं?”

“नाही.”

“का?”

बाबांनी वर पाटीकडे बोट केलं. पहिल्या ओळीकडे. “ती त्याच्या आदल्याच दिवशी रंगवली होती,” ते म्हणाले. “रंग वाळला नव्हता अजून. याच गिरणीत एका पोऱ्याने चालू पट्ट्याला हात लावला म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. मग मी कसं सांगणार, की मीच पाय लावतो? आणि... काम म्हणावं असं ते नव्हतंच. नुसता पाय टेकायचा.”

मॅनेजर काहीतरी बोलणार होते. निरीक्षकबाईंनी हात वर केला. “जोडीदाराला तरी?”

“त्याला ‘जपून’ म्हणालो,” बाबा म्हणाले.

बाईंनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. आठवड्याभरात पक्का अहवाल आला. लंबूकाकांवरचा ठपका गेला. चाळणीला दाराबाहेरून ओढायची एक दांडी बसवायची होती, टोकाला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची गादी, जी मोटर वेग घेईपर्यंत चौकटीला दाबून राहील आणि मग सुटेल. मिस्त्रींना यंत्रावरून हटवून भांडारात बसवलं. सात ओळींची पाटी उतरवली गेली; बाबांनी ती मागितली नाही.

अहवालाची प्रत घेऊन बाबा काकांकडे निघाले तेव्हा चिमणीही सोबत गेली. दार काकूंनी उघडलं. काका खिडकीशी खुर्चीत होते, समोर लाकडाचं एक बुटकं स्टूल, त्यावर वर्तमानपत्र. अपघाताला तीन महिने झाले होते. उजवा हात त्यांनी खिशात ठेवला होता.

बाबा बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं, गिरणीत सांगितलं तसंच, पहिल्या आठवड्यापासून. एक शब्दही सोडला नाही, आणि माफीचाही शब्द त्यात नव्हता. चिमणीला वाटलं, तो त्यांना तोंडातून काढवत नसावा.

आधी काकू बोलल्या. “तीन महिने,” त्या म्हणाल्या. “तीन महिने हा माणूस झोपेत पुटपुटतो. बोल्ट, रबर, पट्टा, झाकण. बोल्ट, रबर, पट्टा, झाकण. सकाळी उठून मला विचारतो, मी काय विसरलो असेन गं? आणि भावोजी, तुम्ही दर आठवड्याला इथे येऊन, ह्याच खुर्चीत बसून, चहा पिऊन जात होतात!” त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडी आपटल्याचा आवाज आला.

काका स्टुलाकडे पाहत होते.

“मी पाहायचो ना तुझा पाय,” ते म्हणाले. “रोज पाहायचो. मला वाटायचं, तुझा गुडघा दुखतो. म्हणून टेकतोस. हे स्टूल मी तुझ्यासाठी केलं होतं, आठवतं? पाय ठेवायला. तू म्हणालास, नको, लोक हसतील. म्हणून घरी आणलं.”

“आठवतं.”

“एकदा नुसतं म्हणायचंस, ‘लंब्या, गुडघा नाही रे.’”

काकांनी स्टुलावरचं वर्तमानपत्र उचलून बाजूला टाकलं. मग डावा हात पुढे करून तळवा स्टुलावर ठेवला, उताणा. “दाखव.”

“काय?”

“कसा ठेवायचास ते. किती जोर द्यायचास.”

“अरे, हातावर पाय—”

“ठेव म्हणतो ना.”

बाबांनी चिमणीकडे पाहिलं. त्यांनी वाकून बूट काढला, मोजा काढला. पाय उचलला, हवेत धरला, आणि मग त्या धडधाकट हातावर टेकवला. त्यांचे डोळे मिटले. ओठ हलू लागले. चिमणीला कळलं की ते मोजत आहेत. एकोणीस वर्षांत कधी कोणाला ऐकू न गेलेले ते आकडे खोलीत हळूच ऐकू येऊ लागले. पाच. सहा. नवाच्या आसपास गुडघा जरा ताठला. बारा, तेरा. सतराला चवडा सावकाश वर आला, टाच मागाहून सुटली.

काकांनी हात तसाच उताणा ठेवला होता. तळव्यावर टाचेची पुसट लाली होती, ती पाहता पाहता निघून गेली.

“एवढंच?” काका म्हणाले.

“एवढंच.”

“इतकासाच जोर?”

बाबांनी मान डोलावली, आणि एक पाय अनवाणी तसेच ते उभे राहिले. काका आपल्या डाव्या हाताकडे पाहत होते. बोटं त्यांनी एकदा मिटली, उघडली, पुन्हा मिटली.